पाप कोणाचे?



 थेट विषयाला हात घालतो. विषय आहे ख्रिस्ती श्रद्धा आणि पापातून तारण होण्याची आशा. मी तो श्रद्धेच्या आत उभा राहून मांडणार आहे. पण या सभागृहातले सगळेच त्या श्रद्धेचे नाहीत, आणि जे आहेत त्यांनाही 'पाप' हा शब्द ऐकला की थोडे अवघडल्यासारखे होते, हे मी जाणतो. म्हणून शास्त्रात लिहिले आहे तेव्हा ते मानाच, असे म्हणून मी मोकळा होणार नाही. इंद्रायणीच्या आणि पवनेच्या खोऱ्यात, पुणे जिल्ह्यात, मराठी माणसांच्या आयुष्यात या शब्दाचे काय झाले, ते पाहत पाहत मला पुढे जायचे आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग येतो. रस्त्याच्या कडेला एक जन्मांध माणूस भीक मागत बसलेला आहे. शिष्य येशूला विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? विचारणारे काही दुष्ट लोक नव्हते. आपल्याकडे एखाद्या घरात एकामागून एक मृत्यू झाले, मूल अपंग जन्मले, की शेजारीपाजारी हलक्या आवाजात हेच विचारतात. कोणाचे पाप? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. थुंकीने माती भिजवून तो त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो, त्याला तळ्यावर धुवायला पाठवतो आणि त्याला दिसू लागते. गोष्ट इथे संपत नाही. पुढे त्या माणसाची चौकशी होते, त्याच्या आईबापांना दरडावले जाते, तू तर पापातच जन्मलास असे म्हणून त्याला हाकलून दिले जाते. आणि प्रकरण संपताना येशू चौकशी करणाऱ्यांनाच सांगतो की तुम्ही स्वतःला डोळस म्हणवता, म्हणून तुमचे पाप राहिलेच आहे. पाहा, आरंभी पाप आंधळ्याच्या कपाळावर लिहिलेले होते. शेवटी ते तिथून पुसले गेले आणि ज्यांनी ते लिहिले त्यांच्या दारात येऊन उभे राहिले. तारणाचा ख्रिस्ती विचार इथेच आहे, असे माझे म्हणणे आहे. पाप दोन प्रकारांनी माणसाकडे येते. एक, इतरांनी त्याच्यावर लादलेले. दुसरे, त्याने स्वतः केलेले आणि म्हणून त्यालाच कबूल करता येणारे. पहिल्यापासून सुटका आणि दुसऱ्याची कबुली, दोन्ही मिळून तारण होते. एकच घेतले आणि दुसरे सोडले तर काय होते, तेही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे.

आधी लादलेल्या पापाकडे पाहू. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात त्याचा सर्वांत मोठा बोजा कोण वाहत होते? विधवा. नवरा मेला तो हिच्या पूर्वजन्मीच्या पापाने, असे समजून दहा-बारा वर्षांच्या मुलीचे केशवपन होत होते. त्या मुलीने केले काय होते? काहीच नाही. पण तिला शिक्षा होती, कबुली द्यायला गुन्हा नव्हता आणि क्षमा मागायला न्यायाधीश नव्हता. यापेक्षा निराश अवस्था कोणती असू शकते? जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच काळोखावर घातलेला घाव होता. आणि ज्या बाईने हा प्रश्न शास्त्राच्या मुळापर्यंत नेला तिचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे चरित्र आपल्याला ठाऊक आहे, मी फक्त माझ्या मुद्द्यापुरते घेतो. १८५८ चा जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे, लहानपणापासून तीर्थयात्रा, पुराणकथन, संस्कृतचे पाठांतर. दुष्काळात आईवडील गेले. पुढे नवराही गेला, आणि कडेवर मुलगी असलेली ही विधवा १८८२ साली पुण्यात आली. पुढच्या वर्षी ती इंग्लंडला गेली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे तिने बाप्तिस्मा घेतला. त्यामागे काय होते? रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे. वाँटेजच्या अँग्लिकन मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलम इथले आपले काम दाखवले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायका तिथे होत्या, आणि त्यांच्याशी वागणाऱ्या भगिनींच्या वागण्यात तिरस्कार नव्हता. इतक्या शास्त्रग्रंथांतून गेलेल्या या बाईला अशा स्त्रीविषयी दयेचा शब्द आठवेना. मग एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, गावाने ओवाळून टाकलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी देवाविषयी बोलत बसलेला येशू. मराठीतल्या एका प्रखर बुद्धीच्या स्त्रीला ख्रिस्ताकडे खेचून नेणारी पहिली गोष्ट नरकाचे भय नव्हती, हे इथे लक्षात ठेवा. बाईच्या अंगावर लादलेले पाप उतरवून ठेवणारा कोणी आहे, या शोधाने ती हलली.

पण रमाबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. बाप्तिस्म्यानंतर त्या गप्प बसणाऱ्या शिष्या झाल्या असतील, अशी कोणाची समजूत असेल तर वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. त्रैक्याविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी त्या हट्टाने वाद घालतात, माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या हाती देणार नाही असे बजावतात. आणि कितीतरी वर्षांनी, १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या एक विलक्षण गोष्ट सांगतात. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. स्वतःच्या पापाची जाणीव आणि त्याच्या क्षमेचा अनुभव नंतर आला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या बाईवर जन्मभर खोटे पाप लादले गेले, तिला ते आधी झुगारावे लागले. ते झुगारल्यावर, मोकळ्या झालेल्या मनाने, तिला खरे पाप पाहता आले. उलट क्रमाने हे घडतच नाही. खोट्या आरोपाखाली चिरडलेल्या माणसाला तुझा खरा दोष पाहा असे सांगणे हा क्रूरपणा आहे, आणि माझ्या धर्माच्या उपदेशकांनी तो अनेकदा केला आहे.

याच अनुभवातून केडगावचे काम उभे राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि मरणाच्या दारातल्या मुली घेऊन आल्या. दौंडच्या अलीकडे, रेल्वेमार्गावर, मुक्ती सदन वसले. तिथेच कृपासदन निघाले, ज्या बायकांना दुसरे कोणतेही दार उघडे नव्हते त्यांच्यासाठी. आंधळ्या मुलींना शिकवले गेले, शेती, विणकाम, छपाई सुरू झाली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि त्याचे खिळे जुळवायला याच बायका बसल्या. ज्यांच्याविषयी शास्त्र काही बरे बोलत नव्हते, त्यांच्या हातांनी शास्त्र छापले गेले. १९२२ साली, मृत्यूच्या थोडेच आधी, त्यांनी ते काम पुरे केले. तारण म्हणजे मेल्यानंतरचे काहीतरी, असे ज्यांना वाटते त्यांनी केडगावच्या छापखान्यातल्या त्या खिळे जुळवणाऱ्या बोटांचा विचार करावा.

आता मी इंद्रायणीकडे येतो. ही नदी आपल्या कुरवंड्याजवळ, लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते आणि मावळ भिजवत देहूला जाते. इंदुरीजवळचा भंडारा डोंगर मावळातलाच, जिथे तुकोबा एकांतात बसत. पापाची कबुली मराठीत कशी बोलावी, हे आपल्याला ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शिकवलेले नाही. तुकोबांनी शिकवले. स्वतःला पतित म्हणणारे, स्वतःच्या मनाची उलटतपासणी घेणारे, देवाशी भांडून पुन्हा त्याच्याच पायाशी येणारे ते अभंग आपल्या कानांवर लहानपणापासून आहेत. ज्यांना वाटते की पाप आणि कृपा ही परक्या मुलखाची भाषा आहे, त्यांनी वारीत चालणाऱ्या कोणाही म्हातारीला विचारावे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. पण ते पुस्तक वाचणारे मन आधीच वारकरी कबुलीने तयार झालेले होते.

तुकोबांविषयी परंपरेने जपलेली एक गोष्ट मला तारणाच्या सिद्धांताच्या सर्वांत जवळची वाटते. घरी सावकारी होती. लोकांची कर्जखते घरात पडलेली. दुष्काळात बायको गेली, मूल गेले, आणि तुकोबांनी ती खते काढली. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. आता जरा सावकाश विचार करा. खते बुडाली तेव्हा कर्ज कुठे गेले? हवेत विरले का? नाही. कुळाने द्यायचे पैसे कुळाने दिले नाहीत, म्हणजे ते तुकोबांचे बुडाले. नुकसान झालेच, ते फक्त एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर गेले, आणि ज्याला वसुलीचा हक्क होता त्याने ते आपणहून घेतले. क्षमेचे स्वरूप हेच आहे. क्षमा फुकट कधीच नसते. घेणाऱ्याला ती फुकट मिळते, कारण देणारा ती भरतो. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या शुभवर्तमानात, पापाला ऋणच म्हटले आहे. आणि क्रुसाविषयी ख्रिस्ती श्रद्धा जे सांगते त्याचा गाभा मला असा दिसतो की देवाने माणसाचे खत बुडवले आणि नुकसान स्वतः सोसले. कोणी एक रागावलेला देव रक्त मागत होता आणि ते मिळाल्यावर शांत झाला, हे चित्र अनेक प्रवचनांतून ऐकू येते. मला ते मान्य नाही. देहूच्या डोहाजवळ वाढलेल्या माणसाला तर ते मान्य होण्याचे कारणच नाही. खत बुडवणारा सावकार रागावलेला नसतो.

इथवर ऐकून एखादा सुबुद्ध श्रोता म्हणेल की हे सगळे ठीक, पण ही पाप-पाप भाषाच जुनी झाली. माणूस पापी नाही, तो झोपलेला आहे. त्याला जागे करा, पुरे. हा आक्षेप मी बाहेरून आणत नाही, तो याच लोणावळ्यात मांडला गेला. येशू संघाचे फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात सुरू केलेली 'साधना' संस्था १९७८ मध्ये लोणावळ्याला आणली, आणि १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये अकाली मृत्यू येईपर्यंत जगभरच्या धर्मगुरूंना आणि भगिनींना इथे ध्यानाचे, आत्मनिरीक्षणाचे धडे दिले. त्यांची पुस्तके अनेक भाषांत गेली. डिमेलो जागरूकतेवर भर देत. मनाच्या सवयी, भीती, आसक्ती पाहा, नुसत्या पाहा, त्या गळून पडतील. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९९८ साली, व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने, ज्याचे प्रमुख तेव्हा कार्डिनल रात्झिंगर होते, एक सूचनापत्र काढले. त्यात इतर आक्षेपांबरोबर हेही होते की या लेखनात बरे-वाईट म्हणजे केवळ मनाने वास्तवावर चढवलेले अर्थ ठरतात.

त्या वादाचा निवाडा मी करणार नाही. डिमेलोंचे ऋण मात्र मानायला हवे. अपराधगंडाने कुजलेली कितीतरी मने त्यांच्यामुळे मोकळी झाली, आणि तो अपराधगंड बहुतेक वेळा लादलेल्या पापाचाच असतो. लहानपणापासून तू वाईट आहेस असे ऐकलेल्या माणसाला प्रायश्चित्त सांगून भागत नाही, त्याला जागेच करावे लागते. पण जागे झाल्यावर काय? समजा मी कोणाची जमीन खोट्या सहीने लाटली आहे. ध्यानाला बसून मला माझा लोभ स्वच्छ दिसला, मन शांत झाले. जमीन कुठे आहे? ती माझ्याच नावावर आहे. ज्याची गेली तो अजून दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जातो. माझ्या मनःशांतीने त्याच्या सातबाऱ्यावर काहीच उमटत नाही. पापाला नुसती झोप म्हटले की त्यातला दुसरा माणूस गायब होतो. पाप नेहमी कोणाविरुद्ध तरी असते. म्हणून त्याला पाहणारा डोळा पुरत नाही, ज्याच्याविरुद्ध केले त्याच्यापर्यंत जाणारे पाय लागतात.

आता सर्वांत कठीण आक्षेप. इथून पुण्याच्या वाटेवर देहूरोड लागते. २५ डिसेंबर १९५४ रोजी, म्हणजे नाताळच्याच दिवशी, बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचाही खोलवर विचार केला होता. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले निबंध त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत, महाराष्ट्र शासनाने ते त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात १९८९ साली प्रसिद्ध केले. त्यातला एक युक्तिवाद कोणाही ख्रिस्ती माणसाची झोप उडवणारा आहे. ते म्हणतात त्याचा आशय असा, की अस्पृश्य हिंदू असताना त्याला सांगितले गेले की तुझी ही दशा तुझ्या कर्माने झाली. तो ख्रिस्ती झाला तेव्हा त्याला सांगितले गेले की ती आदिपुरुषाच्या पापाने झाली. दोन्हीकडे दोष त्याच्याच पदरात, आणि ज्या समाजाने त्याला गावकुसाबाहेर टाकले तो समाज दोन्हीकडून सुटला. मग हा माणूस समाजरचना बदलायला उठणार कसा?

या आक्षेपाला घाईने उत्तर देऊ नये. बाबासाहेब जे पाहत होते ते खरे होते. मिशनने शाळा काढल्या, दवाखाने काढले, पण पुष्कळ ठिकाणी चर्चमध्येही जातीच्या रांगा राहिल्या. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानेच गुन्हेगार अशी माणसांची एक वर्गवारी निर्माण केली. लादलेल्या पापाचे यापेक्षा उघड उदाहरण शोधूनही सापडणार नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणात या जमातींची वसाहत होती आणि तिचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. तिथे काम करणाऱ्यांचा हेतू दयेचा असेल, होताही. पण ज्या येशूने जन्मांधाच्या कपाळावरचा शिक्का पुसला, त्याच्या नावाने काम करणाऱ्यांनी जन्मजात शिक्का मारलेल्या माणसांच्या हजेऱ्या घेतल्या. तो शिक्का कायद्याने पुसला गेला १९५२ साली, स्वतंत्र भारतात. हा इतिहास झाकून तारणाची भाषा बोलण्याचा मला अधिकार नाही.

तरीही उत्तर आहे. बाबासाहेबांचा आक्षेप लादलेल्या पापाला लागू पडतो, आणि तिथे तो अचूक आहे. पण शुभवर्तमानात पापाची कबुली मागितली जाते ती कोणाकडून? भिकाऱ्याकडून, कोड भरलेल्याकडून, रक्तस्रावाने पिडलेल्या बाईकडून? त्यांना येशू आधी बरे करतो, उभे करतो, त्यांच्याबरोबर जेवतो. व्यभिचारात धरलेल्या बाईच्या प्रसंगात तर प्रश्नच उलटा फिरतो, ज्याच्यात पाप नाही त्याने आधी दगड उचलावा, आणि एकेक जण वयाच्या क्रमाने निघून जातो. कबुलीचे ओझे तो चढवतो ते सत्ता असणाऱ्यांवर. म्हणजे पापाचा उपदेश गावकुसाबाहेर करायचा आणि वाड्यात करायचा नाही, ही आमच्या उपदेशकांची चूक होती. शुभवर्तमानाचा रोख मुळात वाड्याकडे आहे. आणि आदामाचे पाप म्हणजे काय? ते रक्तातून उतरते, असे मी मानत नाही. पण आपण जन्मतो ते आधीच मांडलेल्या व्यवहारात, आपल्याआधी कोणाकडून तरी हिरावून घेतलेल्या गोष्टींच्या भोगवट्यात. ते आपण हिरावून घेतले नाही, पण आपण ते उपभोगतो. वारशाच्या पापाला मी असा अर्थ देतो, आणि या अर्थाने ते अस्पृश्याच्या पदरात पडत नाही, ज्यांनी त्याच्या श्रमावर घरे बांधली त्यांच्या वारसांच्या पदरात पडते.

हे फार हवेतले वाटत असेल तर पवनेकडे पाहा. गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत मावळात पवना धरण झाले. गावे उठली, जमिनी पाण्याखाली गेल्या, आणि पुनर्वसनाचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत राहिला. त्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड वाढले. मग बंद जलवाहिनीतून थेट धरणातून पाणी नेण्याची योजना आली, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. तिघे जण मेले, त्यांत एक बाई होती. पाप कोणाचे? सरकारचे, पोलिसांचे, राजकारण्यांचे, अशी उत्तरे आपण देतो आणि त्यांत तथ्य आहे. पण शहरात सकाळी नळ सोडणारा माणूस? त्याने कोणाला उठवले नाही, कोणावर बंदूक रोखली नाही. तरी त्याच्या घागरीत जे पाणी पडते त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली आहे. कायदा त्याला दोषी धरू शकत नाही, धरूही नये. इथेच ख्रिस्ती पापविचार उपयोगी पडतो, कारण तो माणसाला शिक्षेशिवायही ऋण ओळखायला शिकवतो.

आणि आता तो आक्षेप, जो सगळ्यांच्या ओठांवर असतो. क्षमा इतकी सहज मिळत असेल तर माणूस पाप करत राहणार नाही का? रविवारी क्षमा, सोमवारी पुन्हा तेच. जर्मन धर्मचिंतक डीट्रिश बॉनहोफर यांनी १९३७ साली, हिटलरच्या राज्यात, अशा कृपेला 'स्वस्त कृपा' म्हटले आणि तिच्यावर कठोर टीका केली. पण उत्तर लूकच्या शुभवर्तमानात आधीपासूनच आहे. यरीहोचा जक्कय, जकातदारांचा मुख्य, रोमन सत्तेसाठी लोकांना पिळून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो. लोक कुरकुरतात. येशूने त्याला अजून एकही अट घातलेली नाही. आणि जक्कय उभा राहून सांगतो की माझी अर्धी मालमत्ता मी गरिबांना देतो आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणतो की आज या घरात तारण आले. क्रम पाहा. स्वीकार आधी, हिशेब नंतर, पण हिशेब झालाच पाहिजे. चौपट हा शब्द काही भावनेचा नाही, तो वहीतला आकडा आहे. ज्या क्षमेनंतर परतफेड सुरू होत नाही ती शुभवर्तमानातली क्षमा नव्हे.

हिशेबाचा हा प्रश्न रमाबाईंच्या कामालाही लागतो. त्यांच्यावर त्यांच्या काळातही आरोप झाला की त्या आसऱ्याच्या बदल्यात धर्मांतर मागतात. विधवांसाठी काढलेल्या त्यांच्या शारदा सदनावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठले आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आसरा विकत देणे वाईटच, त्यावर दुमत नको. पण ज्या समाजाने आसरा द्यायला आधी हात पुढे केला नव्हता त्यानेही आपल्या हिशेबाची वही उघडावी, एवढेच मी म्हणतो.

राहिली आशा. ती कशाची? ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या वतीने कोणीतरी विचारेल, की तुमचा पापी तर तरला, आमचे काय? फार योग्य प्रश्न आहे. पुनरुत्थित येशू शिष्यांना भेटतो तेव्हा त्याच्या हातांवरचे आणि कुशीवरचे घाव तसेच आहेत, आणि संशय घेणाऱ्या थोमाला तो तेच पुढे करतो. ख्रिस्ती आशेत घाव पुसले जात नाहीत. जे झाले ते झालेच नाही असे म्हणण्याची सोय तिथे नाही. म्हणून अन्याय सोसलेल्याकडे क्षमा मागता येते, ती वसूल करता येत नाही. तू क्षमा कर म्हणजे आम्हाला बरे वाटेल, असे त्याला सांगणे म्हणजे त्याच्याकडून आणखी एकदा काहीतरी हिसकावणे. त्याने क्षमा केली तर ते त्याचे दान आहे, नाही केली तरी आपली परतफेड चालूच राहिली पाहिजे. आणि जिथे माणूस क्षमा करू शकत नाही, मेलेला तर करूच शकत नाही, तिथे देवाच्या क्षमेवर विसंबून उभे राहण्याचे धैर्य, हीच माझ्या समजुतीप्रमाणे तारणाची आशा. ती नसेल तर मोठ्या अपराधासमोर माणूस दोनच गोष्टी करू शकतो. तो नाकारतो किंवा कोसळतो. नाकारणारा काही परत करत नाही, कोसळलेलाही करू शकत नाही. क्षमेची आशा असलेला माणूसच वही उघडायला धजतो.

तेव्हा माझी एक मागणी आहे, आणि ती माझ्याच मंडळींकडे आहे. लोणावळ्यापासून पिंपरी-चिंचवडपर्यंत अनेक चर्चमध्ये दर रविवारी पापांगीकाराची प्रार्थना म्हटली जाते. विचाराने, शब्दाने, कृतीने केलेल्या पापांची आपण कबुली देतो, आणि ती इतकी गुळगुळीत झाली आहे की तिच्यात कोणाचेच नाव येत नाही. पवनेच्या काठची उठलेली गावे आपल्याला ठाऊक आहेत. त्या गावांची नावे त्या प्रार्थनेत घ्यावीत, ज्यांचे पुनर्वसन अजून झालेले नाही त्यांच्या अर्जांचे काय झाले ते मंडळीतल्या जाणत्यांनी तहसील कचेरीत जाऊन विचारावे, आणि उत्तर पुढच्या रविवारी वेदीजवळून वाचून दाखवावे. यासाठी कोणत्याही सिनॉडचा ठराव लागत नाही. येत्या रविवारीच सुरुवात करता येईल.